तारेचा पहिला आधार



आमच्या बेळगाव-निपाणीच्या भागाला संगीताचे वेड नवे नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला, आणि तंबोरे-सतारींसाठी नावाजलेले मिरज तर आम्हांला शेजारचेच. अशा या भागात विजेची गिटार पाहुणी म्हणून आली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात, चर्चच्या गायकवृंदात, गणेशोत्सवाच्या वाद्यवृंदात घरच्यासारखी रुळली. मी स्वतः या वाद्याचा मध्यम प्रतीचा वादक. परंतु शिक्षक असल्यामुळे मुलांच्या गिटारी माझ्या हाती वारंवार येतात. त्यांतील थोडे पुढे गेलेले विद्यार्थी हटकून विचारतात, "सर, नट कशाचा बसवावा? हाडाचा, पितळेचा की प्लॅस्टिकचा?" या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

नट म्हणजे गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे बसविलेली लहानशी आडवी पट्टी. तिची लांबी साधारण ४२-४३ मिलिमीटर. तिच्यावर सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेतून एक तार. आपल्या तंबोऱ्यात जे काम अटी आणि तारगहन या दोन पट्ट्या मिळून करतात, ते येथे ही एकच पट्टी करते. तार इकडे नटावर आणि तिकडे घोडीवर टेकते. या दोन टेकूंमधील तारेच्या कंपनातून स्वर निर्माण होतो.

परंतु तंबोरा आणि गिटार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. तंबोऱ्याच्या तारा सदैव मोकळ्याच छेडल्या जातात. गिटारवर मात्र तार पडद्यावर दाबली, की तिचा वरचा टेकू तो धातूचा पडदा होतो आणि नट त्या स्वरापुरता बाजूला पडतो. म्हणजेच नट हाडाचा असो वा पितळेचा, त्याच्या पदार्थाचा परिणाम प्रत्यक्षात मोकळ्या तारांच्या स्वरापुरताच असतो. "नट बदलला आणि साऱ्या वाद्याचा आवाज पालटला" असे कोणी सांगू लागल्यास ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग नटाचे महत्त्व कशात? ते त्याच्या खाचांत आहे. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा नटापासून अवघ्या ३६ मिलिमीटरांवर येतो. खाच उंच राहिली, तर इतक्या आखूड अंतरात तार दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळी तार सुरात, पण पहिल्या-दुसऱ्या पडद्यांवरचे स्वर चढे, असे दिसले की खाच उंच आहे असे समजावे. उलट, मोकळी तार छेडताच झणझणते, पण पडद्यांवर स्वच्छ वाजते, तर खाच फार खोल गेली आहे. आणि खुंटी पिळताना 'टक्' असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे.

ही अडकण्याची पीडा विजेच्या गिटारीत विशेष. १९५४ साली फेंडर कंपनीने आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींना तारा सैल-ताठ करून स्वर हेलावणारा दांडा असतो. दांडा सोडल्यावर तार पूर्ववत सरकली नाही, तर वाद्य बेसूर झालेच. यावर उपाय म्हणून फ्लॉइड रोज या अमेरिकन वादकाने तार नटापाशीच आवळून धरणारी पोलादी योजना काढली. तिचे पेटंट त्याला १९७९ साली मिळाले. साध्या नटाला मात्र साधा इलाज पुरतो: पेन्सिलीच्या शिशाची पूड खाचेत लावावी. ती ग्राफाइटची असल्यामुळे तार सहज सरकते.

आता पदार्थांकडे वळू. स्वस्त गिटारीतील पोकळ प्लॅस्टिकचा नट मऊ असतो. पीळदार जाड तारा कानशीप्रमाणे त्याला कापत जातात. पितळ टिकाऊ आणि त्याचा स्वर झळझळीत, पण ते घासून खाचा पाडण्यास कष्ट फार. हाड कठीण आणि चांगली झिलई घेणारे; म्हणून कारागिरांचा त्याकडे ओढा. मात्र ते घासताना उडणारी पूड छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधलेच पाहिजे. ग्राफाइट मिसळलेले आणि हस्तिदंतासारखे दिसणारे कृत्रिम नटही आता मिळतात. ते एकजिनसी असतात आणि तार त्यांत अडकत नाही.

खरा हस्तिदंत आणि सांबरशिंग ही एके काळी तंतुवाद्यांची भूषणे होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढील दुरुस्त्या यांमुळे तो व्यापार बंद झाला. तरीही तंतुवाद्यांचे काही अडले नाही. त्यांचे कारागीर उंटाचे हाड, काळे लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते हस्तिदंताच्या बळावर नव्हे, हाताच्या कसबावर.

हे सांगण्याचे कारण असे, की आमच्याकडील कित्येक मुले जैन वा लिंगायत घरांतील. हाडाचा नट उत्तम, असे ऐकून ती अवघडतात. घरच्या आचाराला जपावे की वाद्याला, असा पेच त्यांना पडतो. त्यांना मी निःशंकपणे सांगतो: बाळांनो, कृत्रिम नट घ्या. त्यात संगीताचे काडीचेही नुकसान नाही. ज्याला हाडाची अडचण नाही, त्याने हाड घ्यावे. दोहोंतही खाचा नीट पाडल्या नाहीत, तर पैसा मात्र वाया गेला. नव्या नटासाठी पैसे साठविण्यापूर्वी आहे त्याच नटाच्या खाचा जाणत्या कारागिराकडून तपासून घ्याव्यात. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

शेवटी एक विनंती शिक्षकांना आणि पालकांना. महिनोन्महिने कष्ट करूनही बोटाखालचा स्वर चढाच लागतो, तेव्हा मूल म्हणते, "मला सुराचा कानच नाही," आणि गिटार माळ्यावर जाते. वास्तविक तो स्वर चढा आहे हे ज्याला कळले, त्याचा कान शाबूतच आहे. दोष अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेचा असतो. तेव्हा मुलाच्या कानाला बोल लावण्याआधी त्याचे वाद्य एकदा तपासा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.