चुकारा आणि फॉर्मची फी



भाषण कसलं, एक आठवण सांगतो. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला नाही, पैसे हप्त्यांनी. लोहाऱ्यातल्या आपल्या घरांचं वर्षच त्या हप्त्यांवर चालू लागलं. ताईचं लग्न, किराण्याची उधारी, नवा सदरा, सगळ्याला एकच उत्तर: "चुकारा आला की." बाबा केंद्रावर दोन-दोन रात्री बैलगाडीखाली झोपायचे. ग्रेडरनं कुठली ग्रेड लावली, ते आईला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र चुकाऱ्यासाठी थांबणार नव्हती. तिकडे केंद्राचा नियम, इकडे बोर्डाचा, अन् मधे आम्ही पोरं. वर्गशिक्षकांनी विचारलं, "गाडी खाली झाली का रे?" मी नाही म्हणालो. ते काही बोलले नाहीत. चौघांची फी त्यांनी स्वतःच्या पगारातून भरली, हे आम्हाला पुढे शिपाईकाकांकडून कळलं. चुकारा आल्यावर बाबा पैसे घेऊन गेले, तर सरांनी ते मोजलेही नाहीत.

सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, त्या चौघांपैकी तिघं इथे आहोत.