डग्लस यांची रणनीती



अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की लिंकन, ग्रँट आणि ली ही तीन नावं येतात. आज मी त्यात फ्रेडरिक डग्लस हे नाव जोडणार आहे. गुलामगिरीतून निसटून आलेले डग्लस सेनापती नव्हते, पण हे युद्ध कसं जिंकता येईल ते त्यांना फार लवकर कळलं होतं.

१८६१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेचा घोषित हेतू संघराज्य टिकवणं एवढाच होता. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. १८६२ मध्ये जनरल मॅक्लेलन दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वेशीपर्यंत गेला, पण लीने त्याला मागे रेटलं.

डग्लस सुरुवातीपासून सांगत होते की, दक्षिणेची ताकद गुलामांच्या श्रमात आहे. हे गुलाम सुमारे ४० लाख होते. शेत तेच पिकवत, लष्कराचे खंदकही तेच खोदत. म्हणून त्यांना मुक्त करा आणि सैन्यात घ्या.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. १८६४ मध्ये ग्रँट सरसेनापती झाला आणि त्याने सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी दाब टाकला. एका आघाडीवरचं सैन्य दुसरीकडे हलवणं दक्षिणेला अवघड झालं. अशा युद्धाला माणूसबळ लागतं, आणि ते आता उत्तरेकडे होतं.

पण गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घ्यायला नकार दिला, तरी लढणं सोडलं नाही. डग्लस स्वतः लिंकन यांना भेटून या अन्यायावर बोलले. जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला.

१८६८ मध्ये घटनादुरुस्तीने नागरिकत्व मिळालं. पुढे कित्येक दशकं ते पायदळी तुडवलं गेलं, पण हक्क मागायला कागदावर आधार होता.

याची दखल आपल्याकडेही घेतली गेली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

त्या पलटणीने देशाच्या कामातून अंग काढलं नाही आणि कमी मोलही पत्करलं नाही. वॉर्डसभेत, कॉलेजात, ऑफिसात या दोन्ही गोष्टी एकत्र करणं कठीण असतं. आपल्याला त्या एकत्रच कराव्या लागतील.