दार आधी कुणी वाजवलं?

समाजकार्याची पदवी घेऊन तुम्ही बाहेर पडताय.

मी मुंबईतल्या लालबागची. वडील कापडगिरणीच्या साचेखात्यात होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण, वर गावाकडून आलेला कुणी ना कुणी असायचाच. आईची चूल गिरणीच्या भोंग्यावर चालायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अमुक दिवशी मिटला असं सांगता येत नाही, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरातून आधी तांब्यापितळेची भांडी गेली, मग आईच्या पाटल्या. शेजारच्या तीन खोल्यांना कुलपं लागली, माणसं रत्नागिरीला, साताऱ्याला परत गेली. जी राहिली त्यांच्या घरात वडील दिवसभर भिंतीला टेकून बसायचे. पंधरा वर्षांच्या मुलाने रोज सकाळी उठून बापाला असं पाहणं म्हणजे काय, ते मी पाहिलेलं आहे.

संप सुरू होण्याच्या बरोबर आठवडाभर आधी, 11 जानेवारीला, वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून ती ओळखली जाते. तो कॉलेजात शिकलेला मुलगा होता. संपाच्या बातम्या आणि टोळ्यांच्या बातम्या पुढची पंधरा-वीस वर्षं वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापून येत राहिल्या. आमच्या चाळीत मात्र ती एकच गोष्ट होती. आधी पगार थांबला, मग पोरं बिघडली, मग गोळ्या चालल्या. त्या गोळ्यांनी कुणालाच सोडलं नाही. 1994 मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव भररस्त्यात मारले गेले. 16 जानेवारी 1997 ला पवईत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना गोळ्या घातल्या, संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. आणि ज्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत अशी आमची पोरं, काही मारणारी, काही मरणारी, बरीचशी आधी एक आणि मग दुसरी.

मी कामाला लागले ती 1986 साली, एका संस्थेत. तिचं नाव घेत नाही. संस्थेचा विषय ‘महिला व बालके’. बालक म्हणजे चौदा वर्षांपर्यंत. चौदाच्या पुढचा मुलगा आमच्या कुठल्याही रकान्यात बसत नसे. शाळा सुटलेली, नोकरी नाही, खोलीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून रात्री अकरापर्यंत जिन्यात बसलेला मुलगा. त्याच्याकडे पाहायला शहरात दोनच जण मोकळे होते, पोलीस आणि टोळीचा भाई. पोलीस त्याला ‘टपोरी’ म्हणून हटकायचे. भाईचा माणूस त्याला नावाने हाक मारायचा. याची चीड माझ्या मनातून आजही गेलेली नाही. ती चीड माझ्याच व्यवसायावर आहे. आम्ही शिबिरं घेतली, हजेरीपटावर सह्या घेतल्या, लाभार्थी मोजले, तीन वर्षांनी प्रकल्प संपला की गाशा गुंडाळला. तीन वर्षांत मुलगा जेमतेम विश्वास टाकायला लागतो, आणि नेमके तेव्हाच आपण निघतो.

एक घर सांगते. वडील बदली कामगार, संपानंतर दारूत गेलेले. आई सकाळी पापड लाटायची, दुपारी दोन घरची धुणी. थोरला सोळाचा, दहावी नापास. रेशनकार्ड वाण्याकडे गहाण पडलेलं. एकदा त्यांच्याकडे आठ दिवस धड शिजलं नव्हतं, आणि नवव्या दिवशी कुणीतरी दारात तांदळाची अर्धी गोण आणि तेलाचा डबा ठेवून गेलं. कुणी ठेवलं हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. त्यानंतर पोराला एक निरोप पोचवायला सांगितला. मग एक पिशवी रात्रभर घरात ठेवायला सांगितली. नाही कसं म्हणणार? घरातली धाकटी त्याच तांदळाचा भात खात होती.

मी वरच्याला अर्ज लिहिला. परळला एक लेथवाला मुलाला हाताखाली घ्यायला तयार होता, पण पहिले सहा महिने पगार देणार नव्हता. महिना तीनशे रुपये संस्थेने द्यावेत, एवढीच मागणी. अर्ज परत आला. लाल शाईत शेरा होता, ‘विषय प्रकल्पाच्या कक्षेबाहेर’. मी तेवढ्यावर थांबले. भांडायला हवं होतं, चार दारं फिरून ते पैसे उभे करायला हवे होते. मी तेवीस वर्षांची होते, नोकरीची गरज होती, ही कारणं खरी आहेत, पण ती त्या मुलाच्या उपयोगाची नव्हती.

सहा-सात महिन्यांनी एका रात्री त्याची आई माझ्याकडे आली. भात टाकायला तिने डब्यात हात घातला तर तांदळाखाली गिरणीच्या चिंध्यांत गुंडाळलेला घोडा हाताला लागला. घोडा म्हणजे पिस्तूल, हे तुम्हाला वस्तीत गेल्यावर कळेल. तिच्या मनगटापर्यंत तांदळाचं पीठ लागलेलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा, मी त्याच्याशी बोलते. सकाळी मुलगाही नव्हता, घोडाही नव्हता. पुढे तीन वर्षांनी तो चकमकीत गेला. छापून आलं ‘कुख्यात गुंड’. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. ओळख पटवायला मी आईबरोबर गेले होते.

म्हणून एकच गोष्ट सांगते आणि पुन्हापुन्हा सांगते. पगार थांबलेल्या घराचं दार फार दिवस बंद राहत नाही, कुणीतरी ते वाजवतंच. टोळीला बंदुका देशी-परदेशी कुठूनही मिळतात, पण बंदूक धरणारा हात त्यांना याच घरांतून शोधावा लागतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा 1999 साली आला, त्याने टोळ्यांचं कंबरडं मोडलं असं म्हणतात, मोडलं असेलही. पण कायदा पोचतो तो गोळी सुटल्यावर. त्या दारात आधी तुम्ही पोचा. भाईच्या आधी पोचा.

हे जमतं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी सत्तरच्या दशकातल्या संपात कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव त्यांच्या दारात गेल्या, 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळालं. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे आले, तिथे दारातली गोण परत करायची ताकद आली. हे मी माझ्या मजल्यावर पाहिलं. तिकडे शिकागोत गॅरी स्लटकिन नावाचे साथरोगतज्ज्ञ आहेत, आफ्रिकेत कॉलरा-एड्सवर काम करून आलेले. गोळीबार साथीसारखा पसरतो, हे ओळखून त्यांनी 2000 साली तिथल्या एका वस्तीत काम सुरू केलं आणि त्यासाठी त्याच वस्तीतली, पूर्वी टोळ्यांत राहिलेली माणसं नेमली. बाहेरच्याला जिन्यात बसलेला मुलगा दिसतो. आज तो गप्प का आहे, हे आतल्यालाच कळतं.

गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. जिने मात्र अजून आहेत, मुलंही आहेत, आणि रकाने तसेच आहेत. तुम्ही ज्या संस्थेत जाल तिथे पहिल्याच महिन्यात विचारा, पंधरा ते वीसचा मुलगा तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा.

त्या मुलाची आई अजून आहे. पंचाहत्तरी उलटली, गुडघे गेलेत, पुनर्विकासाच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहते. काल रात्री तिचा फोन होता. खालच्या मजल्यावरच्या एका मुलाचं कॉलेज सुटलंय, बापाचं काम गेलंय, आणि आठवडाभर तो जिन्यात बसून असतो. ‘तू ये,’ म्हणाली, ‘मी त्याला चहाला बोलावून ठेवलंय.’ इथून मी तिकडेच निघाले आहे.