परके वाद्य घरी येते तेव्हा



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने होणाऱ्या या व्याख्यानाचा विषय आहे ‘चिनी वाद्यांची कुटुंबाला ओळख’. विषय चीनचा आणि आरंभ मात्र तमिळनाडूतील कुंभकोणमपासून, याचे काहींना नवल वाटेल. परंतु परके वाद्य एखाद्या समाजाच्या घरात कसे शिरते आणि तेथे आपलेसे कसे होते, हे पाहायचे तर कावेरीकाठच्या या नगरीसारखी दुसरी पाठशाळा नाही. शिवाय त्या कथेत मराठी माणसाचा वाटा मोठा आहे.

कुंभकोणमपासून अवघ्या काही किलोमीटरांवर दारासुरम हे गाव आहे. तेथील ऐरावतेश्वर मंदिर चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधले. २००४ साली ते जागतिक वारसा ठरले. या मंदिरातील बलिपीठाच्या दगडी पायऱ्यांवर टकटक केली की प्रत्येक पायरीतून निराळा स्वर उमटतो. दगड गातो, हे कळल्यावर कोणते मूल तेथे थांबणार नाही? येणारा प्रत्येकजण पायऱ्या वाजवून पाहू लागला, त्यांची झीज होऊ लागली आणि अखेर त्यांच्याभोवती लोखंडी जाळी आली. आठशे वर्षांच्या शिल्पासाठी ती जाळी योग्यच आहे. परंतु घरातल्या तबल्यावर, पेटीवर, आजोबांच्या बासरीवर ‘हात लावू नकोस’ या तीन शब्दांची जाळी कोणी घातली, याचा विचार पालकांनी करावा, एवढ्यासाठी हे उदाहरण.

तंजावर प्रांतात भोसले घराण्याचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत चालले. त्या काळात आणि त्यानंतरही महाराष्ट्रातून कीर्तनकार तिकडे जात राहिले. १८६० च्या दशकात ग्वाल्हेरकडून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांच्या कीर्तनांचा तंजावरात विलक्षण प्रभाव पडला. समोर बसलेल्या सर्वांनाच मराठी येत होती असे नाही. पण बुवांच्या हातात चिपळ्या होत्या, पायांत ताल होता, मध्येच नकला होत्या, विनोद होता. आजी, सून, नातू एकाच सतरंजीवर बसलेले असत. भाषा कळण्याआधी ताल कळला. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) हा सारा घाट तमिळमध्ये आणला आणि तिकडचे हरिकथाकालक्षेपम् आजच्या रूपाला आले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्यांनी जशीच्या तशी ठेवली. चिपळ्यांनाही तमिळ माणूस ‘चिपळाकट्टै’ म्हणतो. वाद्य गेले, ते आपले नावही घेऊन गेले.

कुंभकोणमलगतच्या मरुदनल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धती घालून दिली, तिच्यातही मराठी अभंगांना मानाचे स्थान आहे. या परंपरेतील ‘दिव्यनाम’ प्रसंगी मध्ये समई तेवत असते आणि तिच्याभोवती फेर धरून सारे गातात, नाचतात. लहानांना ‘गप्प बसा’ असे सांगावे लागत नाही, कारण तेथे नाचणे हेच अपेक्षित असते. तमिळ घरांत अभंग टिकला तो अशा फेरांत.

व्हायोलिनची कथाही याच मातीतली. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बाळुस्वामी दीक्षित यांनी हे युरोपीय वाद्य आत्मसात केले. तंजावरच्या दरबाराशी संबंधित वडिवेलू यांनीही त्यावर प्रभुत्व मिळवले. सरफोजी राजांच्या पदरी तर पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंदच होता. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत असे घडले की एका थोर व्हायोलिनवादकाची ओळखच ‘कुंभकोणम राजमाणिक्कम पिळ्ळै’ अशी गावाच्या नावाने झाली. आज दक्षिणेत कुणालाही व्हायोलिन परके वाटत नाही.

येथून चीनकडे जाणारी वाट फार लांबची नाही. चोळांचे दूत १०१५ साली चीनच्या सोंग दरबारात पोहोचले होते. चीनच्या छ्वानचौ बंदरात १२८१ सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. माल गेला तेथे माणसे गेली आणि माणसांबरोबर सूर गेले. असे असूनही आजच्या मुलाच्या कानावर चीन हा शब्द येतो तो स्वस्त खेळण्यांच्या संदर्भात, नाही तर सीमेवरच्या बातमीत. १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले, तेथील भाषा शिकले आणि तेथील जखमींची सेवा करताना १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या महाराष्ट्रातील मुलांना त्या शेजाऱ्याचा एकही सूर ओळखता येऊ नये, ही उणीव आहे.

ती भरून कशी काढावी? पुस्तकातील चित्र दाखवून नव्हे. कीर्तनकाराने जे केले तेच करावे: कुटुंबाला एकत्र बसवावे, गोष्ट सांगावी, नक्कल करावी आणि श्रोत्यांच्या हाताला काम द्यावे.

प्राचीन चिनी पद्धतीत वाद्यांचे आठ वर्ग मानले आहेत: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडे आणि लाकूड. आपल्या नाट्यशास्त्राने वाद्य कसे वाजते यावरून तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले. चिनी विद्वानांनी वाद्य कशाचे बनले हे पाहिले. घरातल्या घरात हा सुंदर खेळ होतो. स्वयंपाकघरातील आठ वस्तू आणाव्यात, डोळे मिटून त्या वाजवाव्यात आणि ‘हा वर्ग कोणता?’ असे विचारावे. आजीचा खलबत्ता ‘दगड’ वर्गात जाईल, ताट ‘धातू’त. चीनमध्ये टांगलेल्या दगडी फरश्यांचे ‘छिंग’ नावाचे वाद्य आहे. १९७८ साली हूपै प्रांतात एका सरदाराच्या समाधीत ६५ घंटा व ३२ दगडी फरश्यांचे वाद्यसंच सापडले. ती समाधी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील आहे. दारासुरमच्या पायऱ्यांची गोष्ट ऐकलेले मूल ‘छिंग’ पाहताच हसून ओळख देईल.

चिनी संगीतनाटकातील दोन थाळ्यांची गंमत तर बालवाडीलाही कळेल. मोठी थाळी वाजवली की स्वर खाली घसरतो, छोटी वाजवली की वर चढतो. मुलांनी हात वरखाली करून त्या स्वरामागे जावे. ‘अरहू’ला दोनच तारा असतात आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून गेलेले असतात. त्यावर घोड्यांच्या शर्यतीची एक प्रसिद्ध रचना वाजते, तिच्यात घोड्याचे खिंकाळणे स्पष्ट ऐकू येते. ‘स्वोना’ या वाद्यावर असंख्य पाखरांचे आवाज काढतात. ‘पिपा’ या चार तारांच्या वाद्याचे तर नावच त्याच्या आघातांवरून पडले: एका दिशेने ‘पि’, उलट दिशेने ‘पा’. सतारीचे ‘दा’ आणि ‘रा’ ऐकलेल्या घरात हे सांगायला वेळ लागत नाही.

यातला स्वोना आपला जवळचा नातलग आहे. दोन पातींच्या जिभलीवर वाजणारे, खाली रुंद तोंडाचे हे वाद्य चिनी लग्नाच्या मिरवणुकीत जसे वाजते, तसेच महाराष्ट्रात सनई आणि तमिळ लग्नात नागस्वरम्. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै येथील मोजकी घराणी आजही नागस्वरम् घडवतात. त्यासाठी जुन्या घरांतून निघालेले, वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड ती वापरतात. २०२२ साली या वाद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने कारागिराला मान मिळतो. मात्र त्याच्या वाद्याला उद्याचा श्रोता हवा असेल तर तो आजच्या मुलांतूनच यायला हवा.

आणखी एक गोष्ट येथे बसलेल्या प्रत्येक घराशी निगडित आहे. चीनचे ‘शंग’ हे वाद्य भोपळ्याच्या आकाराच्या पेल्यात बांबूच्या नळ्या खोवून करतात. त्यातील बारीक पाती वाऱ्याने थरथरते व स्वर निघतो. अठराव्या शतकात शंग युरोपात पोहोचला. अशी मोकळी पाती वापरून तेथे नवी वाद्ये घडू लागली. १८४२ साली पॅरिसमध्ये दबें यांनी ‘हार्मोनियम’चे हक्क नोंदवले आणि ते वाद्य भारतात आले. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखालून ज्या पेटीने मराठी मन जिंकले, जिच्याशिवाय भजन उभे राहत नाही, तिच्या पोटातील पातीचे मूळ असे चीनपर्यंत जाते. मुलांना पेटी एकदा मागून उघडून दाखवावी. परके आणि आपले यांतील भिंत किती पातळ आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

पालकहो, संगीताचा तास परीक्षेच्या काळात सर्वांत आधी रद्द होतो. घरीही वाद्य येते ते बहुधा परीक्षेसाठी, खेळासाठी नव्हे. मग मूल चुकायला भिते आणि काही वर्षांत वाद्याला खोळ चढते. महिन्यातून एक संध्याकाळ दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बाजूला ठेवून सारे घर सतरंजीवर बसले, एकाने गोष्ट सांगितली आणि बाकीच्यांनी वाटी-चमचा वाजवला, तरी पुरे. कुंभकोणमच्या घरांनी चिपळ्या अशाच स्वीकारल्या.

१९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची सोनेरी तबकडी आहे. तिच्यावर चीनच्या सात तारांच्या ‘गुछिन’ या वाद्याचे वादन आहे आणि त्याला लागूनच पुढे गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. अंतराळात हे दोन सूर शेजारी आहेत. येथे, आपल्या घरांतही ते शेजारी असावेत. साठ वर्षे मराठीतून जग समजावून सांगणाऱ्या शाळेने आपल्या हीरक वर्षात पालकांकडून एवढीच भेट मागावी: घरातील एका वाद्याची खोळ आज रात्री काढावी आणि ते मुलाच्या हाती द्यावे.