ओबर्नडॉर्फचे पिस्तूल, नाशिकचे पिस्तूल



दिनांक २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या निरोपाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे नाशिक नगरीस सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या गोळ्या ज्या यंत्रातून सुटल्या त्याचा वृत्तांत जाणून घेतल्यावाचून सशस्त्र क्रांतीच्या त्या पर्वाचे पुरते आकलन होत नाही, असे माझे मत आहे.

आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांचे कूळ मुख्यतः जर्मन. सुटणाऱ्या गोळीचा जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्याकडून रिकामे काडतूस बाहेर फेकवून नवे नळीत सरकवण्याची युक्ती बोर्खार्ट याने १८९३ साली बाजारात आणली. तीच सुधारून गेओर्ग लुगर याने जे पिस्तूल सिद्ध केले, ते जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारले. दरम्यान नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे १८९६ पासून माउझर पिस्तूल निघू लागले होते: चापापुढे दहा काडतुसांची पेटी, केरसुणीच्या दांड्यासारखी गोल मूठ, आणि मुठीस जोडताच बंदुकीच्या दस्त्याचे काम देणारे लाकडी म्यान. वजन मात्र किलोहून अधिक.

नाशिकचे पिस्तूल या घराण्यातले नव्हे. ते ब्राउनिंग, म्हणजे अमेरिकन कारागिराच्या बुद्धीतून निघून बेल्जममधील हेर्स्टाल येथे घडलेले, चपटे आणि खिशात मावणारे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरतळाखाली अशी वीस पिस्तुले धाडली. त्या तळाखाली वीस माउझर दडवता आली असती, असे मला वाटत नाही.

माउझर हिंदुस्थानात आले ते राजरोस, जकातीच्या दाखल्यानिशी. कलकत्त्याच्या शस्त्रविक्रेत्या रॉडा कंपनीतील कारकून श्रीशचंद्र मित्र यांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंदरावरून २०२ पेट्या सोडवल्या, गुदामात १९२ पोचवल्या आणि उरलेल्या दहा पेट्यांसह, म्हणजे ५० पिस्तुले व ४६,००० काडतुसांसह, ते नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी बालेश्वरजवळ बंगाली क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे सोबती पोलिसांशी झुंजले, ते माउझर घेऊनच. परंतु प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक कोरलेला, आणि तो कंपनीच्या दप्तरी नोंदलेला. त्यामुळे त्यांतली ४४ पिस्तुले नऊ गटांत वाटली गेली आणि ५४ गुन्ह्यांत वापरली गेली, असा हिशेब सरकारने नेमलेली रौलट समिती मांडू शकली.

नाशिकच्या प्रकरणात मात्र माग उघडा पडला तो माणसाच्या तोंडून. अमीन माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकर अंदमानात गेले. आणि जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते, कोकण-गुजराथच्या लोकरूढींची त्यांची टिपणे एन्थोवेन यांनी पुढे छापली, हेही सांगणे मी कर्तव्य समजतो. त्याने हुतात्म्यांचे मोल तसूभरही उणे होत नाही. शस्त्र मिळवण्याइतकाच त्याचा माग पुसणे हा कठीण भाग होता, आणि त्यात सरकार वरचढ ठरले, हा माझा निर्णय आहे.

आज हे सारे आपल्याला कळते ते बहुतांशी फिर्यादीच्या कागदांतून आणि पोलिसांच्या जबान्यांतून. म्हणून माझी एकच विनंती आहे: त्या काळची पत्रे, रोजनिशा, खटल्याच्या नकला ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या वाळवीच्या स्वाधीन न करता, १८४० पासून नाशिक शहरातच असलेल्या सार्वजनिक वाचनालयाकडे सुपूर्द कराव्यात.