जन्मजात प्रतिकारन्यूनता आणि कर्करोग

जनुकीय दोषामुळे रोगप्रतिकार यंत्रणेत मुळातच जी उणीव असते, तिला प्राथमिक प्रतिकारन्यूनता म्हणतात. एचआयव्हीच्या संसर्गाने पुढे उद्भवणाऱ्या न्यूनतेहून ती वेगळी असून तिचे साडेचारशेहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. अशा रुग्णांचा वारंवार उलटणारा न्यूमोनिया लक्षात येतो, कर्करोगाचा धोका मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. अमेरिकेतील 3,658 रुग्णांच्या नोंदींवरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे एकूण प्रमाण सर्वसामान्यांच्या 1.42 पट आढळले. परंतु लिम्फोमाचे, म्हणजे लसीका ग्रंथींतील पेशींच्या कर्करोगाचे, प्रमाण पुरुषांत दहा पट आणि स्त्रियांत आठ पटींहून अधिक होते, तर फुप्फुस, मोठे आतडे, स्तन व प्रोस्टेट यांच्या कर्करोगांत लक्षणीय वाढ नव्हती.

या तफावतीची कारणे यंत्रणेच्या आतच सापडतात. एपस्टाईन-बार हा विषाणू बहुतेकांच्या बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कुळात, आयुष्यभर सुप्त असतो आणि त्याला आवर घालणाऱ्या टी पेशी दुबळ्या असल्यास त्या बी पेशी बेसुमार वाढू शकतात. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या विकारात डीएनएच्या दुरुस्तीसाठी आवश्यक असलेले एटीएम जनुकच निकामी असते. मूल चालताना झोकांड्या खाते, पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, आणि त्याला कर्करोग झाल्यास रेडिएशनची नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. म्हणून मूळ विकाराचे निदान उपचारांआधी होणे निर्णायक असते.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आणि जवळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय येथे या विकारांचे विशेष निदान होते. विस्कॉट-आल्ड्रिच सिंड्रोमसारख्या काही विकारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मूलगामी उपाय असून केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात त्याचा समावेश आहे. तपासाची सुरुवात मात्र जवळच्या साध्या लॅबमधूनही होऊ शकते: सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइट सतत कमी दिसणे, किंवा प्लेटलेट कमी व आकाराने लहान असणे, हे पुढील तपासणीचे संकेत होत. मानेतील गाठ टीबीच्या औषधांनीही बसत नसेल, त्यातून मुलाला वारंवार गंभीर संसर्ग होत असतील वा घराण्यात लहानपणी मृत्यू झाले असतील, तर पालकांनी ही सारी माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची, तपासणी हवी का, हे विचारावे.