आपले घर मर्यादेत बसते काय?



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभतात. आम्ही आज जो विषय घेतला आहे, तो दाखल्याचा, अर्जाचा आणि बेरीज-वजाबाकीचा आहे. तरीही बालदिगंबर गणेशाच्या या कडाव गावी तो याच दिवसांत मांडला पाहिजे. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब पुरा होतो आणि पावसाबरोबर प्रवेशाची धावपळ सुरू होते. मधले दोन महिने तेवढे आपल्या हाती असतात. जे घर या दोन महिन्यांत आपले उत्पन्न मोजत नाही, ते बहुधा दोनपैकी एक चूक करते. मिळण्याजोगी शिष्यवृत्ती ते मागत नाही, किंवा न मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेऊन बसते. दुसरी चूक पहिलीहून महाग पडते. कारण तेव्हा शुल्क भरण्याची वेळ आलेली असते आणि दुसरी वाट शोधण्याची वेळ निघून गेलेली असते.

एके काळी गरीब विद्यार्थ्याचे भवितव्य दात्याच्या मर्जीवर असे. १९१३ साली डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. गुण ओळखणारा राजा भेटला, म्हणून ते घडले. ज्यांना असा राजा भेटला नाही, त्यांची गणती कोणी केली? १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळू लागली आणि ‘ई.बी.सी.’ ही अक्षरे घरोघरी रूढ झाली. १२०० रुपये म्हणजे महिना शंभर रुपये. या साऱ्यातील मोठी गोष्ट अशी की, मर्जीच्या जागी नियम आला, आकडा आला. आकड्यापुढे हात जोडावे लागत नाहीत. तो बरोबर मोजावा मात्र लागतो.

आता आजचे आकडे पाहू. आम्ही २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचे सांगतो. अर्जापूर्वी ते त्या त्या वर्षाच्या नियमाशी ताडून पाहावेत. आठवीतील मुलासाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते; पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. अनुसूचित जाती व जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे; तिची मर्यादा आठ लाख. २०२४ पासून याच आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत पद्धतीने झालेला हवा. घाई करून व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला, तर उत्पन्न कितीही कमी असो, ही सवलत गेली.

मर्यादा कळली, तरी उत्पन्न कसे मोजायचे? तेथे तीन प्रश्न विचारावेत: कोणाचे, कोणत्या वर्षाचे आणि कशाकशाचे?

कोणाचे, हे प्रत्येक योजनेच्या नियमात पाहावे. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात कुटुंब म्हणजे विद्यार्थी, आई-वडील आणि अठरा वर्षांखालील भावंडे. विद्यार्थी विवाहित असेल तर पती वा पत्नी आणि लहान मुलेही. बावीस वर्षांचा कमावता भाऊ त्यात येत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे आणि चार काकांचे नाव असेल, तर सगळे शेत आपल्या एकट्याच्या पदरी मांडू नये. वडिलांचा हिस्सा वेगळा काढून तलाठ्याला दाखवावा. वर्ष म्हणजे बहुधा नुकतेच संपलेले आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च.

कशाकशाचे, येथे खरा घोटाळा होतो. कर्जत किंवा भिवपुरीहून रोज गाडीने मुंबईला जाणारा नोकरदार, किंवा खोपोलीच्या कारखान्यातला कामगार, हाती पडणारा पगार सांगतो. भविष्यनिर्वाह निधी आणि कर्जाचा हप्ता कापून जे उरते, ते त्याचे उत्पन्न नव्हे. कापण्यापूर्वीचा वर्षाचा पगार फॉर्म १६ वर लिहिलेला असतो, तोच धरावा. राजनाल्याच्या पाण्यावर दुबार भात घेणाऱ्याने दोन्ही हंगामांची विक्री आणि दोन्ही हंगामांचा खर्च लिहून ठेवावा, म्हणजे तलाठ्याच्या चौकशीत बोलण्याला आधार राहतो. शेतघरासाठी जमीन विकून आलेली रक्कम ही सालोसालची कमाई नव्हे, ती वेगळी सांगावी. पण तिच्यावर बँकेत मिळणारे व्याज हे त्या वर्षाचे उत्पन्न आहे. आमच्या कातकरी बांधवांच्या वाड्यांतून दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर जातात. आधी उचल मिळते, मग ती मजुरीतून फिटते. ही रक्कम एकदाच मोजायची, दोनदा नव्हे. शिवाय ती माणसे पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून त्यांचे कागद आधी कोणीतरी जमवून ठेवावे लागतात.

या आकड्याची धार किती बारीक आहे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. नवरा-बायको दोघे मजुरी करतात, महिन्याला २६ दिवस, रोज ४०० रुपये. दोघांचे मिळून वर्षाचे २,४९,६०० रुपये होतात. घर अडीच लाखांच्या आत. रोज एक रुपयाने वाढला की २,५०,२२४ होतात, घर बाहेर. एका रुपयाने कोणी श्रीमंत झाले काय? मर्यादा वर्षानुवर्षे तीच राहते आणि महागाई थांबत नाही, तेव्हा घर गरीबच राहूनही यादीतून गळते. ती वेळोवेळी वाढवून मागणे हे आपणा नागरिकांचे कामच आहे. तोवर एवढे ध्यानात ठेवावे की, रेषेपलीकडे सगळी दारे बंद नसतात. अडीच लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची निराळी योजना आहे. निर्वाहभत्ता जातो, शुल्काचा आधार राहू शकतो. ‘आम्ही बसत नाही’ असे म्हणून उठण्यापूर्वी शेजारची योजना पाहावी.

आणखी एक गैरसमज. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला हाती आला म्हणजे उत्पन्नाचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. त्या दाखल्याच्या उत्पन्न-कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळवत नाहीत आणि तीन वर्षांचा विचार होतो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात पगार, शेती, धंदा सारे मिळवतात, आणि शेतजमीन पाच एकर वा अधिक असेल तर उत्पन्न कमी असूनही दाखला मिळत नाही. आठ लाख हा शब्द दोन्हीकडे एकच, पण मापे दोन. एका मापाने मोजलेले दुसऱ्या मापात ओतू नये. शुल्काच्या सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावा लागतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली त्याला मुदत ठरलेली आहे. म्हणून अर्जाची पावती जपून ठेवावी.

शेवटी मनातल्या दोन अडचणींविषयी. काहींना आपली गरिबी कागदावर लिहिण्याची लाज वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लग्नकार्यात चालेल. येथे मूठ उघडल्यावाचून कोणी मोजत नाही. हा अर्ज भीक नव्हे, तो कायद्याने दिलेल्या वाट्याची मागणी आहे. दुसरीकडे, ऐपत असून कमी आकड्याचा दाखला काढणारेही आहेत. ते सरकारला फसवतात असे म्हणणे अपुरे आहे. ते ज्याची बाजू लंगडी करतात, तो त्यांच्याच आळीतला एखादा मुलगा असतो. खोट्या दाखल्यांचा बोभाटा झाला की चौकशी कडक होते, आणि तिचा काच खऱ्या गरिबालाच आधी बसतो.

म्हणून आमची विनंती एवढीच की, गावातील शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी दर वैशाखात वाडी-वाडीवर एक संध्याकाळ बसावे. सातबारा, आठ-अ, पगाराचा कागद, बँकेचे पुस्तक आणि एक कोरी वही एवढे साहित्य पुरे. प्रत्येक घराचा आकडा मांडावा, त्यापुढे त्या घराला लागू पडणाऱ्या योजनेचे नाव लिहावे. मुलांच्या गुणांची काळजी गुरुजी घेतील. या वहीची काळजी आपण घेतली पाहिजे.